टेरीकॉट मास्तरांची माया

मास्तरांच्या दुकानावर रीतसर पाटी होती, पण ती वाचून दुकानात कोणी शिरलं असं कधी झालं नाही. लोक एकमेकांना सांगायचे, "पँट शिवायचीय ना? मग टेरीकॉट मास्तरांकडे टाक." पाटीवरचं खरं नाव मास्तरांच्या बायकोला आठवत असेल तर असेल. बाकी सगळी गल्ली त्यांना टेरीकॉट मास्तर म्हणूनच ओळखायची, आणि मास्तरांना त्याचं वाईट वाटणं तर सोडाच, फोन उचलला की ते स्वतःच म्हणायचे, "बोला, टेरीकॉट बोलतोय."

नाव काही उगाच पडलं नव्हतं. मास्तर नुकते मशीनवर बसू लागले होते त्याच सुमाराला टेरीकॉट बाजारात आलं. त्याआधीची पँट म्हणजे सकाळी इस्त्री, दुपारी चुरगळा आणि संध्याकाळी पोतेरं. टेरीकॉटला एकदा घडी मारली की माणूस बसो, उठो, गर्दीत चेंगरो, घडी आपली सरळ. रात्री धुवा, सकाळी घाला. फाटायचं नाव नाही की विटायचं नाव नाही. मास्तर या कापडाच्या प्रेमात जे पडले ते पडलेच. पुढे त्यातलं सूत कमी होत गेलं, पॉलिस्टर वाढत गेलं, नावं बदलली, चकाकी बदलली, पण मास्तरांची निष्ठा तसूभरही हलली नाही. कोणी सुती कापड घेऊन आलंच तर ते दोन बोटांच्या चिमटीत धरायचे, उंदीर धरल्यासारखे, आणि म्हणायचे, "शिवतो. पण मग चुरगळलं म्हणून माझ्या डोक्याशी यायचं नाही."

स्वतः ते बारा महिने टेरीकॉटचे शर्ट घालायचे. कॉलर कडक, घडी सरळ, वरचं बटण लावलेलं. आणि आत सुती बनियन. पांढरं, बाह्यांचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. दुकानामागच्या दोरीवर ही बनियनं ओळीने वाळत घातलेली असायची. त्यांच्याकडे लक्ष देण्याचं कोणाला काही कारण नव्हतं, मास्तरांनाही नव्हतं.

मास्तरांची दुसरी ख्याती होती मायेची. शिंप्याच्या बोलीत माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. उद्या माणूस अंगाने भरला तर शिवण उसवायची, माया सोडायची, की कपडा पुन्हा बेताचा. कापड मारणारे शिंपी मायेला हात आखडता घेतात. मास्तर सढळ हाताने ठेवायचे. गल्लीत एक बसड्रायव्हर राहायचे. सीटवर बसून बसून त्यांचं पोट सालाबादप्रमाणे पुढे यायचं आणि ते तीच खाकी पँट बगलेत मारून दुकानाच्या पायरीवर हजर व्हायचे.

"मास्तर, परत सुटलं. आहे का माया शिल्लक?"

"माझी माया आटायची नाही, ड्रायव्हरसाहेब. तुमचं पोट कुठवर जायचं म्हणतंय ते आधी त्याला विचारून या."

हा विनोद दोघांनी इतक्या वेळा केला होता की आता हसायचं कामही ते सवयीनेच उरकत.

घरात मात्र हा शब्द मास्तरांनी कापड सोडून आणखी कशासाठी वापरला असेल असं वाटत नाही. माणूस तसा तुसडा नव्हे, पण त्यांना बोलता यायचं नाही. एकुलती एक लेक लहानपणी तापाने फणफणली की हे बाहेर मशीन चालवत बसायचे आणि बायको दिसली की विचारायचे, "खाल्लं का तिने काही?" लेक शेजारच्याच खोलीत असायची. दोन पावलं टाकून तिच्या कपाळाला हात लावणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नाही. ती शाळेत जायला लागल्यापासून तिचे कपडे मात्र सगळे त्यांनीच शिवले. शाळेचा गणवेश तर टेरीकॉटचा, दरसाल माया सोडून वाढवलेला, आणि रोज सकाळी स्वतः इस्त्री करून तिच्या खुर्चीवर घडी घालून ठेवलेला. तो गणवेश तीन इयत्ता चालला. लेकीसाठी तुम्ही काय केलंत असं कोणी विचारलं असतं तर मास्तरांनी निमूटपणे तो गणवेशच पुढे केला असता.

त्या लेकीला मुलगी झाली. वेळेच्या बरीच आधी झाली आणि फारच लहान झाली. पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत होती. मास्तर दवाखान्यात जायचे, काचेला नाक लावून उभे राहायचे आणि घरी येऊन बायकोला म्हणायचे, "कपडाच नाही गं अंगावर तिच्या." बायको सांगायची, पेटीत ऊब असते, तिथे कपडे लागत नाहीत. मास्तरांना ते पटायचं नाही. ज्याच्या अंगावर कपडा नाही तो माणूस अजून जगात नीटसा आलेलाच नाही, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं.

शेवटी बाळ घरी आलं. जावयाची नोकरी पाळीची, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून लेक तान्हीला घेऊन दुकानावरच्या खोलीत राहायला आली. आजीचे दोन हात पुरेनात. मास्तर मात्र दारातूनच बघायचे. "घ्या की हो," बायको म्हणायची. "नको. माझे हात खरखरीत," मास्तर म्हणायचे. हात खरखरीत होते हे खरंच, पण खरी गोष्ट अशी की ते घाबरले होते.

एकदा बायको आणि लेक स्वयंपाकघरात असताना मात्र ते हळूच आत गेले. गळ्यातली टेप काढली आणि बाळाच्या छातीभोवती धरली. आकडे सुरू होता होता संपले. एवढं लहान माप त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. बाळाने टेपेचं टोक मुठीत पकडलं आणि काही केल्या सोडेना. ओढून घ्यायची मास्तरांची छाती होईना. ते वाकून उभेच राहिले.

"सोडा, बाईसाहेब," ते कुजबुजले. "दुकान उघडायचंय."

बाईसाहेबांनी सावकाश, आपल्या मर्जीने टेप सोडली. खाली येऊन मास्तरांनी तडक ट्रंक उघडली.

ट्रंकेच्या तळाशी कागदात गुंडाळलेला एक कापडाचा तुकडा होता. फिकट आकाशी, बोटांवरून पाण्यासारखा ओघळणारा. नखशिखांत पॉलिस्टर, सुताचा एक धागा नाही. एका गिरणीच्या माणसाने नमुना म्हणून दिलेला. लेकीच्या लग्नात काहीतरी शिवू म्हणून ठेवला होता, पण तेव्हा गिऱ्हाइकांचे सूट शिवण्यात लग्न उलटून गेलं आणि तुकडा राहिला तो राहिलाच. मास्तरांनी तो आता बाहेर काढला. जिवापाड जपलेली वस्तू आणखी कोणासाठी काढायची?

आता अडचण अशी की मास्तरांनी आयुष्यात झबलं शिवलं नव्हतं. त्यांचा हात पुरुषांच्या कपड्यांवर बसलेला, म्हणून त्यांनी पुरुषाचाच कपडा लहान केला. कॉलर केली, ती ताठ राहावी म्हणून आत बक्रमची कडक पट्टी घातली. बाह्यांना कफ केले. छातीवर खिसा काढला. काजं हाताने भरली. आणि आतून चारी बाजूंनी चांगली दोन दोन बोटं माया ठेवली. पोर वाढेल, उसवून उसवून वर्षभर पुरेल, हा हिशेब. झालं काय, तर झबलं बाहेरून जेवढं दिसत होतं त्याहून आत जास्त होतं.

"अहो, हे झबलं आहे की इन्स्पेक्टरचा ड्रेस?" बायको हसून हसून बेजार झाली. "आणि खिसा कशाला हो तिला?"

"असू दे. रुमाल ठेवेल."

लेकीने झबलं हातात घेतलं, आतून बाहेरून बोटं फिरवली. क्षणभर ती काहीच बोलली नाही. मग तिने वडिलांकडे पाहिलं. मास्तर खिडकीच्या चौकटीवर नखाने रेघा मारत उभे होते, जणू निकालाशी त्यांचा काही संबंधच नाही. तिचं ते गप्प राहणं म्हणजे कौतुक, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. लेकीने बाळाला झबलं घातलं. कडक कॉलरीतून एवढंसं तोंड बाहेर काढून बाईसाहेब इकडेतिकडे बघू लागल्या. मास्तर खाली उतरले, आणि त्या सकाळी त्यांनी ड्रायव्हरसाहेबांची पँट शीळ घालत उसवली.

दुपार तापली तसं वर बाळ रडायला लागलं. बाळं रडायचीच, म्हणून मास्तरांनी मशीन चालू ठेवलं. रडणं थांबेना. वर पावलं वाजत होती, खुळखुळा वाजत होता, बायकोचं "गं माझी बाय, गं माझी बाय" ऐकू येत होतं. दूध झालं, खांद्यावर घेऊन झालं, पोटावर हात फिरवून झाला. मग रडण्याचा सूरच बदलला. मास्तरांनी पायमशीनचं चाक हाताने थांबवलं आणि ते जिना चढून वर गेले.

लेकीने झबलं उतरवलं होतं. बाळाची पाठ घामाने निथळत होती आणि सगळ्या पाठीवर बारीक लाल पुरळ होतं. मानेभोवती कॉलरीचा वळ. काखेत आणि कुशीवर लाल रेघा, सरळ, एकसारख्या. मास्तरांना आपली शिवण कुठेही ओळखू यायची. ही त्यांचीच शिवण होती.

ते तिघं बाळाला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. पिशवी मास्तरांनी उचलली होती, तिच्यात सगळ्यात वर ते झबलं. डॉक्टरबाईंनी बाळाला नीट तपासलं.

"घाबरू नका. घामोळं आलंय आणि शिवण घासलीय. अंग उघडं राहिलं की बसेल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी झबलं हातात घेतलं. "हे कापड म्हणजे काही विष नव्हे. तुम्हीआम्ही घालतोच. पण हे घाम पीत नाही आणि ऊब आत कोंडून ठेवतं. आपल्याला उकडलं तर आपण बटण सोडतो, पंखा लावतो. एवढ्याशा जिवाला दोन्ही जमत नाही, आणि हिची तर कातडीही अजून कोवळी आहे. सध्या अंगालगत फक्त सुती. मऊ, सैल, आणि नवं असेल तर आधी धुतलेलं. झोपवताना फार गुंडाळू नका." मग त्यांनी झबलं उलटंपालटं करून पाहिलं. "शिलाई मात्र सुरेख आहे हो. कोणी शिवलं?"

बायकोने तोंड उघडलं होतं, पण त्याआधी मास्तर बोलले.

"दुकानातून आणलंय."

आयुष्यात मास्तरांनी लोकांची शिवण आपली म्हणून सांगितली नव्हती, आणि आपली कधी नाकारली नव्हती.

त्या दिवसापासून मास्तर रुसले. कोणावर रुसले हे त्यांना विचारायची सोय नव्हती. झबलं ट्रंकेत गेलं, ट्रंकेवर कापडाचे गठ्ठे गेले. "आता मी तिच्यासाठी टाकादेखील घालायचा नाही," त्यांनी बायकोला बजावलं. "बाजारात सगळं मिळतं. बाजारातनं आणा." वर जाणंही बंद. फक्त बायको खाली आली की मशीनवरची मान वर न करता विचारायचे, "लाली उतरली का?"

"उतरली की. काल नाही का सांगितलं?"

"काल सांगितलंस ते कालचं."

असं चाललं होतं, आणि एका सकाळी लेक स्वतःच खाली आली. तिच्या हातात जावयाने आणलेला बाळाचा नवा पोशाख होता. गुबगुबीत, केसाळ, टोपीला सशाचे कान. हात लावला तर सोडवेना असा मऊ.

"बाबा, हे कसलं कापड आहे हो? वर नुसतं मऊ मऊ लिहिलंय. कशाचं ते सापडत नाही."

"मला कशाला विचारतेस? मला कापडातलं काय कळतंय?"

"तुम्हाला नाही कळलं तर गल्लीत कोणाला कळणार?"

मास्तरांनी पोशाख घेतला. हाताला तो बेहद्द मऊ लागला आणि त्यांची स्वतःचीही खात्री होईना. त्यांनी आतल्या शिवणीतून दोनचार धागे उपटले, चिमट्यात धरले आणि काडी ओढली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. हे धागे आगीपासून अंग चोरत आक्रसले, वितळले, आणि चिमट्याच्या टोकाला काळा कडक मणी झाला. जळक्या प्लॅस्टिकचा वास दुकानभर पसरला. ही परीक्षा मास्तरांनी आजवर कितीदा तरी केली होती, आणि मणी झाला की ते खूश व्हायचे. अस्सल माल! या वेळी ते त्या मण्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर आपल्या डाव्या मनगटावर गेली. तिथे एक गुळगुळीत डाग होता. तरुणपणी तापल्या इस्त्रीखाली पँटीचा तुकडा वितळून मनगटाला चिकटला होता, आणि ओढून काढला तेव्हा कातडीसकट निघाला होता.

"हे पेटलं की अंगाला चिकटतं," ते हळू आवाजात म्हणाले. "ठेवून दे. मोठी झाली की थंडीत सुती कपड्यावरून घालू दे. तेव्हाही गॅसजवळ न्यायची नाही."

"मग आता काय घालू तिला?"

"बाजारात..."

"तुम्ही शिवा."

"मी नाही शिवणार. एकदा शिवलं ते पुरे झालं."

लेक गेली नाही. तिने गिऱ्हाइकांचं स्टूल ओढलं आणि बसली.

"बाबा, तुम्ही शर्टाच्या आत बनियन का घालता?"

"घाम टिपायला. का?"

"मग सुतीच का? टेरीकॉटचं का नाही शिवून घेत?"

"टेरीकॉटचं बनियन? अगं, खुळी का काय तू! अंगाची नुसती आग..."

मास्तर आपल्याच वाक्यात अडकले. मागच्या दोरीवर बनियनं वाळत होती. इतकी वर्षं ती तिथेच वाळत होती.

लेक हसली नाही. हसली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"माझा शाळेचा गणवेश आठवतो?" तिने विचारलं.

"तीन इयत्ता चालला," मास्तर सवयीने म्हणून गेले.

"टोचायचा हो, बाबा. उन्हाळ्यात पाठ पेटायची. काखेत ती माया घासून घासून सोलून निघायचं. मी मागच्या बाकावर बसायची, भिंतीला पाठ घासता यावी म्हणून."

मास्तरांच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज सकाळी इस्त्री करून खुर्चीवर ठेवायचात. घडीसुद्धा किती छान घालायचात. कशी सांगणार?" तिने सशाच्या कानांवरून हात फिरवला. "मला बोलता येत होतं, तरी मी बोलले नाही. हिला तर बोलताच येत नाही, बाबा."

वर बाळ कुरकुरलं. मास्तरांना काहीतरी म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "जा. उठलीय ती. दूध पाज."

लेक जिना चढून गेली. मास्तर मागे गेले, दोरीवरचं सगळ्यात जुनं बनियन त्यांनी हाताने चाचपलं, गालाला लावून पाहिलं आणि उतरवलं. बायकोला म्हणाले, "हे गरम पाण्यातून पुन्हा एकदा काढून दे." बायकोने कशाला म्हणून विचारलं नाही. तिला खालचं बोलणं वर ऐकू यायचं.

बनियन वाळल्यावर मास्तरांनी ते कापायच्या टेबलावर पसरलं आणि खडूने आखलं. कॉलर नाही, बक्रम नाही, खिसा नाही. बटणंही नकोत, तोंडात जायची. त्यांच्या जागी कापडाचेच बंद, आणि तेही आखूड, गळ्याभोवती फिरणार नाहीत एवढे. कापून झाल्यावर मशीनवरच्या रिळाकडे त्यांचं लक्ष गेलं. दोरा पॉलिस्टरचा होता. दुकानातले सगळेच दोरे पॉलिस्टरचे होते. त्यांनी खण उपसले, तेव्हा कच्चे टाके घालायचा सुती दोरा एका डब्यात सापडला. तो इतका कच्चा की मशीनवर तुटायचा, म्हणून मास्तर हाताने शिवायला बसले.

लेक बाळाला खांद्यावर घेऊन खाली आली होती. ती बघत होती. मास्तरांनी दोन्ही भाग सवयीने सुलटी बाजू आत धरून जोडायला घेतले.

"बाबा, माया बाहेर काढा."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय काढू?"

"माया. आत कशाला ठेवताय? आत ठेवली की टोचते. बाहेरच्या बाजूला असू दे की."

"अगं, हे काय भलतंच? कपडा उलटा दिसेल. लोक म्हणतील मास्तर म्हातारा झाला, उलटसुलट कळेनासं झालं त्याला."

"लोकांना घालायचंय का?"

शिंप्याचा सगळा जन्म शिवण लपवण्यात जातो. दोरे, कडा, गाठी, माया, सगळं आत ढकलायचं आणि बाहेर सरळ घडी दाखवायची. मास्तर तर त्या कामात पटाईत होते. त्यांनी हातातल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि ते उलटे करून धरले. पहिले काही टाके त्यांना आपले वाटेनात. मग हात बसला.

झबलं तयार झालं. बेढबच दिसत होतं, कडा बाहेर लोंबत होत्या. लेकीने ते बाळाला घातलं आणि मास्तरांनी गळ्यातून एक बोट आत घालून पाहिलं. आत सगळीकडे नुसतं मऊ होतं. टाका हाताला लागत नव्हता. बाळाने एक जांभई दिली.

"घ्या आता," लेक म्हणाली.

"माझे हात..."

"हात राहू द्यात. छातीशी धरा."

मास्तरांनी आपल्या शर्टाकडे पाहिलं. मग त्यांनी वरचं बटण सोडलं, खालची सोडली, शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि नुसत्या बनियनवर खुर्चीत बसले. भर दुकानात, दार उघडं असताना, टेरीकॉट मास्तर बनियनवर बसलेले गल्लीने पहिल्यांदाच पाहिले. लेकीने बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं. ते एवढंसं वजन तिथे हललं, सरकलं आणि निवांत झालं. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक पायरीवर येऊन उभं राहिलं. मास्तरांनी त्याला डोळ्यांनीच परत पाठवलं.

पुढच्या आठवड्यात मास्तर कापडवाल्याकडे गेले आणि त्यांनी सुती कापड मागितलं. कापडवाल्याला वाटलं, थट्टा करतायत. मास्तरांनी सगळी ठाणं उलगडायला लावली, एकेक गालाला लावून पाहिलं आणि पिवळ्या बारीक फुलांचं एक घेऊन आले. दोन दिवस मशीनवर काय चाललंय ते त्यांनी कोणाला बघू दिलं नाही.

तिसऱ्या सकाळी लेकीच्या खोलीतल्या खुर्चीवर इस्त्री केलेला, चौकोनी घडी घातलेला एक गाऊन होता. मास्तर तो ठेवून केव्हाच खाली उतरले होते आणि ड्रायव्हरसाहेबांच्या पँटीची लावून झालेली गुंडी उसवून पुन्हा लावत बसले होते. ड्रायव्हरसाहेब समोरच स्टुलावर होते. वर कान लावून बसायचं तर हाताला काहीतरी काम हवं.

जिन्यावर पावलं वाजली. लेक बाळाला घेऊन खाली आली. तिच्या अंगात तो गाऊन होता. खांद्यावर, कुशीला, बाह्यांना, सगळीकडे शिवणीच्या कडा बाहेर आलेल्या, रुंद, सढळ. कडेवर बाईसाहेब, त्यांचं झबलंही तसंच.

"अहो ताई," ड्रायव्हरसाहेब चपापून म्हणाले, "गाऊन उलटा घातलात की!"

"नाही काका," लेक म्हणाली. "असाच आहे. माझ्या वडिलांनी शिवलाय."

ड्रायव्हरसाहेबांनी गाऊनकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "मास्तर, काय हे? अहो, सगळी माया बाहेर दिसतेय!"

"दिसू दे," मास्तर म्हणाले. त्यांनी मान खालीच ठेवली होती. हातातली सुई दोऱ्याला काही केल्या सापडत नव्हती. शेवटी त्यांनी ती लेकीपुढे धरली. "जरा ओवून दे गं. आज मेलं काही दिसतच नाहीये."